पळायला सुरुवात करायची आहे, पण दोन मिनिटांत दम लागतो. कोल्हापूरकरांनी सांगावं

खुर्चीवीर

मंडळी, वय ४३, वजन ८६ किलो. काम पूर्ण बैठं, गाडी घराच्या दारातून ऑफिसच्या दारात. कॉलेज सुटल्यापासून व्यायाम म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत नाचलो तेवढाच. बीपी नाही, शुगर काठावर. डॉक्टर म्हणाले, "चाला तरी." तर चालणं जमतंय, संध्याकाळी रंकाळ्यावर तासभर चालतो. पण मला पळायचंय. का ते विचारू नका, पळणाऱ्यांकडं बघून हेवा वाटतो एवढंच.

अडचण अशी की पळायला लागलो की दोन मिनिटांत श्वास घशाशी येतो, तोंड कोरडं पडतं, उजव्या बरगडीखाली कळ. मग थांबतो. शेजारून सत्तरीचे आजोबा निवांत पुढं निघून जातात ते वेगळंच.

प्रश्न तीन. या वयात दम वाढतो का? वाढवायचा कसा? आणि पळायचं कुठं, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही?

मंगळवारपेठी

तिसऱ्याचं उत्तर: निपाणी.

भरतीचा_पोरगा

काका, टेन्शन नाय घ्यायचं. रोज सकाळी ५ किमी मारायचं, दम आपोआप बनतोय. आमची सगळी पोरं असंच करत्यात. सोळाशे मीटरची तयारी करायला लागलो तेव्हा आम्हीबी वकलोय. नाद करायचा तर पूर्ण करायचा.

टेंबलाईचा_चढ

भावा, तू एकविशीचा. तुझा आठवडा वेगळा आणि खुर्चीवीरांचा वेगळा. त्यांनी रोज ५ किमी मारले तर दम बनायच्या आधी गुडघे बोंबलतील. शिवाय तुला पोलीस भरतीत १६०० मीटर ठरलेल्या वेळेत काढायचंय, म्हणून तू जीव काढतोस. त्यांच्यामागं कोण स्टॉपवॉच घेऊन उभंय?

खुर्चीवीर, आता तुमच्याकडं येतो. दम कमी आहे हे मान्य, पण दोन मिनिटांत थांबावं लागतंय ते वेगामुळं. पळणं म्हटलं की आपल्याला शाळेतली शंभर मीटरची शर्यतच आठवते, आणि नवा माणूस त्याच आवेशात सुटतो. तुमचा वेग सध्या चालण्याच्या जेमतेम वर हवा. इतका हळू की तुम्हालाच संशय यावा, याला पळणं म्हणायचं का. किलोमीटरला आठ-नऊ मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही. कसोटी एकच ठेवा: पळताना शेजारच्याला अख्खी तक्रार सांगता आली पाहिजे. नुसतं "काय, आज लवकर?" नव्हे. पाणीपट्टीचं बिल जास्त कसं आलं, मग कुठं गेलो, तिथं काय म्हणाले, सगळं. मधेच वाक्य तुटलं तर वेग कमी करा, तरी तुटलं तर चाला.

चालणं यात कमीपणाचं नाही, उलट सगळी पद्धतच त्यावर उभी आहे. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून नऊ आठवड्यांचा आराखडा केला. 'काऊच टू ५के' (म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किमीपर्यंत) या नावानं तो आज जगभर चालतो, मोबाइलवर त्याची ॲप आहेत. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. एवढंच. पहिल्या दिवशी वाटेल की हे फारच सोपं आहे. वाटू दे. जास्तीचं करू नका.

आता हे तीनच दिवस का, ते नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथंच घसरतात. पळायला लागल्यावर सगळं शरीर एका चालीनं सुधारत नाही. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढायला लागतो, आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. म्हणजे दम तसा लवकर येतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून महिना-दीड महिना झाला की माणसाला वाटतं आपण आता सुटलो, दम पुरतोय, मारू आणखी दोन किलोमीटर. आणि नेमकी तिथंच नडगी धरते.

वयाचं म्हणाल तर वाढतो. त्रेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

पुण्यात_अडकलेला

टेंबलाई, झकास लिहिलंय. त्या सत्तरीच्या आजोबांवरून एक खरी गोष्ट. बिल बाउरमन हे अमेरिकेतल्या ओरेगनचे नावाजलेले कोच, पुढं नाइकी सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक. १९६२ च्या अखेरीस ते न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड यांच्याकडं गेले. हे लिडियार्ड म्हणजे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ज्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदकं घेतली ते. ऑकलंडमध्ये ते सामान्य माणसांना, हृदयविकारातून उठलेल्यांनासुद्धा, सावकाश पळायला लावत. बाउरमन त्या मंडळींबरोबर निघाले तर मागंच पडले. त्यांच्या सोबतीला कोण थांबलं? सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक आजोबा! ते गप्पा मारत चाललेले, आणि पन्नाशीच्या कोचसाहेबांच्या तोंडातून शब्द फुटेना. घरी परतून त्यांनी अमेरिकेत जॉगिंगचं वेड पसरवलं.

तेव्हा खुर्चीवीर, रंकाळ्यावरच्या आजोबांशी ओळख काढा.

खुर्चीवीर

काढली. ते निवृत्त मास्तर निघाले आणि माझ्या थोरल्या भावाला त्यांनी मारलेलं आहे.

मंगळवारपेठी

म्हणून निपाणी सांगत होतो.

स्टेथोस्कोप

धाग्याचा रंग छान आहे, तरी थोडं कडू औषध. चाळिशी ओलांडलेली, शुगर काठावर, वजन जास्त, इतकी वर्षं हालचाल नाही. अशा माणसानं पळायला लागायच्या आधी एकदा तपासून घ्यावं: बीपी, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), ईसीजी. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्टही सांगतील. सांगितली तर करा, "मला काही होत नाही" म्हणून टाळू नका.

पळताना छातीवर दाब, जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं जाणारी कळ, डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथंच थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. ॲसिडिटी समजून सोड्याची बाटली फोडायची नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी पळण्याच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात, साखर एकदम खाली येऊ शकते.

बरगडीखालची कळ बहुधा निरुपद्रवी असते. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या, कळ आली की वेग कमी करून लांब श्वास सोडा, जागा हातानं दाबून धरा. सवय झाली की कमी होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. तुमचं रोजचं तासाचं चालणं झपझप असेल तर पहिला आकडा तुम्ही ओलांडलेलाच आहे. म्हणजे शून्यापासून सुरुवात नाही ही.

लाल_माती

आमच्या तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच कुणाशी भिडवत नाहीत. आधी हौद उकरायला लावतात, जोर-बैठका, सपाट्या, दोर. माती अंगाला लागू दे म्हणतात. पळायचंही तसंच धरा. आमच्या पैलवानांना पहाटे पळणं असतंच, पण पायात बैठकांचं बळ असतं म्हणून ते झेपतं.

खुर्चीवीरांनी न पळायच्या दिवशी वीस बैठका सावकाश काढाव्यात, हात भिंतीला टेकून टाचा उचलाव्यात, एका पायावर उभं राहून दात घासावेत. हसू नका, करून बघा. घोट्याला बळ येतं.

आणि खुराक वाढवू नका. पोरं पळायला लागली की लगेच थंडाई आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची धार सुरू करतात. ती दिवसाला हजारभर बैठका मारणाऱ्याला पचते.

मंगळवारपेठी

खुराकावरून: पळून झाल्यावर मिसळ चालते का? प्रामाणिक प्रश्न आहे.

टेंबलाईचा_चढ

हिशेब मांडू. पळताना किलोमीटरला ढोबळमानानं आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी जळतात. म्हणजे खुर्चीवीर ३ किमी पळाले तर साधारण २६०. एक प्लेट मिसळ, वर शेव-फरसाण, तर्रीदार कट, ब्रेडच्या चार स्लाइस, पुन्हा "जरा कट घाला"... तुम्हीच बेरीज करा. महिन्यातून एकदा खा, मनापासून खा. पण "पळालो म्हणून" खाऊ नका.

मंगळवारपेठी

एवढं खरं बोलायची गरज नव्हती.

कळंबेकरीण

बायकांच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वय ३८, दोन मुलं. सकाळचे डबे माझ्याकडं, त्यामुळं "पहाटे साडेपाचला निघा" हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी डबे कोण करतं हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. मी मुलं शाळेला गेली की कळंबा तलावाच्या बाजूला जाते. ऊन लागतं, म्हणून उन्हाळ्यात नुसतं चालणं.

पहिल्यांदा मला चढ नसतानाही धाप लागायची, पायऱ्या चढतानाही. वेग कमी केला, मधे चालणं वाढवलं, काही फरक नाही. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू झाल्या, हिमोग्लोबिन वर आलं आणि तोच रस्ता सोपा वाटायला लागला. त्यामुळं बायांनो, दम लागतो म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याआधी एक सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची साधी तपासणी) करून घ्या.

दुसरं, स्पोर्ट्स ब्रा चांगली घ्या, बूट थोडे स्वस्तातले चालतील. तिसरं, बघणारे बघतात. पहिल्या आठवड्यात चौकातली टपरी बघत होती, आता तोच टपरीवाला दोन दिवस दिसले नाही तर विचारतो, "वहिनी, बरं नव्हतं का?"

स्टेथोस्कोप

ताई, हा प्रतिसाद सगळ्यात उपयोगी. थायरॉइडही त्याच रक्तात बघून घ्यावं.

भरतीचा_पोरगा

टेंबलाई दादा, राग नाय. पण मग आमची पोरं एवढ्या जोरात पळून पण सोळाशेत शेवटच्या चारशेला का मरत्यात?

टेंबलाईचा_चढ

राग कशाला, प्रश्न लाखाचा आहे. १६०० म्हणजे ४०० च्या ट्रॅकचे चार फेरे. तुम्ही पहिला फेरा सगळ्यात जोरात काढता, बघणारी पोरं ओरडत असतात म्हणून. तिथंच स्नायू थकायला लागले की चौथ्या फेऱ्यात पाय उचलत नाही. दुसरं म्हणजे रोजच जोरात पळता, त्यामुळं मुळातला दम बनायला वेळच मिळत नाही. लिडियार्डचा स्नेल ८०० मीटरचा ऑलिंपिक विजेता होता, आणि तयारीत आठवड्याला शंभर मैल पळायचा, बहुतेक आरामाच्या वेगानं. आठवड्यातले दोनच दिवस जोर लाव, बाकीचे दिवस गप्पा मारत पळ. महिनाभर करून बघ आणि इथं येऊन सांग.

रंकाळाकाठ

जागेचा प्रश्न मागंच राहिला. माझं मत: रंकाळा चालायला उत्तम, पळायला संध्याकाळी अजिबात नको. चौपाटीकडं भेळेच्या गाड्या, लहान पोरं, सेल्फी. पदपथ उद्यानाच्या बाजूला सकाळी मोकळं असतं, पण तलावाला पूर्ण वेढा घालायचा तर मधे वाहतुकीच्या रस्त्याला लागावं लागतं. शिवाजी विद्यापीठाचा परिसर नवख्यांना सगळ्यात बरा: झाडी, गाड्या कमी, आणि सकाळी इतकी माणसं चालत असतात की तुमच्याकडं कोण बघत नाही. थोडे चढ-उतार आहेत, चढावर चालायचं. टेंबलाईची टेकडी आत्ता नको (धागाकर्त्यांच्या गुरूंनी क्षमा करावी). आषाढात पी ढबाकच्या तालावर पाण्याच्या घागरी घेऊन चढतात तेव्हा सगळेच चढतात, ते वेगळं.

मैदानाची माती पायाला मऊ, पण खड्डे बघून. डांबर चालेल, सिमेंटचा रस्ता शक्यतो टाळा. रस्त्यावर पळायचं तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं. आणि दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की पहाटे गावाबाहेर पळूच नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं धड दिवा नाही, धुकं, आणि ड्रायव्हर रात्रभर जागा.

कुत्री: मागं लागली की पळायचं थांबवा, तोंड त्यांच्याकडं ठेवून सावकाश चालत सरका. आपण पळतो म्हणून ती पळतात.

खुर्चीवीर

सगळ्यांना दंडवत. तपासण्या केल्या, ईसीजी ठीक, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, वजन उतरवा म्हणाले. उद्यापासून विद्यापीठ. ६० सेकंद पळणे, ९० सेकंद चालणे. मास्तर पण येतो म्हणालेत.

*(पुढचे प्रतिसाद जुलैतले)*

खुर्चीवीर

धागा वर काढतोय. आराखड्याच्या पाचव्या आठवड्यात येऊन अडकलोय. पहिला दिवस ५ मिनिटं पळणं आणि ३ चालणं, असं तीनदा. जमलं. दुसरा दिवस ८ पळणं, ५ चालणं, ८ पळणं. रडतखडत जमलं. तिसऱ्या दिवशी एकदम २० मिनिटं न थांबता! हा छापखान्याचा घोळ आहे का? शिवाय डाव्या नडगीला आतल्या बाजूनं दुखतंय.

टेंबलाईचा_चढ

घोळ नाही, तसंच आहे, आणि तिथं प्रत्येकजण हाच प्रश्न विचारतो. दोनदा आठ मिनिटं काढलेल्या माणसाला वीस जमतात, फक्त पहिली पाच मिनिटं लाज वाटेल इतकी हळू पळायला हवीत. पण तो दिवस आत्ता नको. आधी नडगी.

स्टेथोस्कोप

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखतंय, पळायला लागल्यावर दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं, असं आहे का? मग आठ-दहा दिवस पळणं बंद, चालणं किंवा सायकल चालू, बर्फानं शेकणं. तेच दुखणं एका बोटानं दाखवता येईल अशा जागी असेल, दाबल्यावर कळ जात असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. तेव्हा ऑर्थोपेडिककडं जा. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

खुर्चीवीर

पट्ट्यातच आहे, रात्री काही नाही.

लाल_माती

बैठका आणि टाचा उचलणं चालू होतं का?

खुर्चीवीर

दात घासतोय एका पायावर. बाकीचं... घरच्यांना विचारू नका.

लाल_माती

कळलं.

कळंबेकरीण

मी चौथा आठवडा तीनदा केला होता. आराखड्यात नऊ आठवडे लिहिलेत म्हणून नऊतच व्हायला हवं असं काही नाही. मला त्याच्या दुप्पट लागले. आता अर्धा तास सलग पळते, आणि वेग विचाराल तर अजून नऊ मिनिटाला किलोमीटर.

भरतीचा_पोरगा

टेंबलाई दादा, सांगितल्यासारखं महिनाभर केलं. शेवटचा फेरा पहिल्याएवढ्याच वेळात आला. पोरं म्हणत्यात घड्याळ बिघडलंय.

टेंबलाईचा_चढ

लई भारी! आता लगेच रोज मारू नको, एवढंच.

पुण्यात_अडकलेला

खुर्चीवीर, नडगी बरी झाली की पाचव्याऐवजी चौथ्या आठवड्यापासून धरा. पुढं ५ किमी झाले की हळूहळू फक्त रविवारची एक फेरी लांबवा, बाकीच्या तशाच ठेवा. दर चौथ्या आठवड्याला सगळंच थोडं कमी. सातारा हिल मॅरेथॉनचे २१ किमी डोक्यात असतील तर ते पुढच्या वर्षाचं बोला. तो यवतेश्वरचा घाट आहे, रंकाळा नव्हे.

खुर्चीवीर

२१ कोण म्हणालं! ५ झाले तर पेढे वाटीन. बरं, एक शंका. हा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालीय, मास्तर मात्र म्हणतात छत्री घेऊन चालू. पावसात पळावं का, आणि बूट वाळवायचे कसे? दोन दिवस झाले, गॅलरीत ओलेच आहेत आणि वास सुटलाय.

रंकाळाकाठ

नदी ३९ च्या वर गेली की पळण्यापेक्षा जनावरं आणि सामान हलवणाऱ्यांना हात द्या, तोही व्यायामच. नुसता पाऊस असेल तर पळायला हरकत नाही, पण शेवाळ धरलेल्या फरशा आणि रंगवलेले पट्टे टाळा, विजा चमकत असतील तर घरी. मांड्या आणि काखेत खोबरेल नाहीतर व्हॅसलिन चोळा, ओला टी-शर्ट सोलून काढतो.

बुटांचं: आतली गादी बाहेर काढा, नाड्या सोडा, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून पार पुढच्या टोकापर्यंत कोंबा. तासाभरानं बोळे बदला, झोपताना पुन्हा बदला. पंख्याखाली आडवे ठेवा. चुलीजवळ किंवा हीटरसमोर नको, तळव्याचा चिकटवलेला भाग सुटतो. सकाळपर्यंत वाळतात.

मंगळवारपेठी

वर्तमानपत्र कालचं घ्या. आजचं मास्तरांना वाचायचं असतं.